उतरवलेला चुडा

अडतीस वर्षं मी बायकांच्या हातांत बांगड्या भरल्या. गोव्यात कासाराला काकणकार म्हणतात, म्हणून मी काकणकारीण. डिचोलीच्या बाजारात आमचं दुकान होतं. आत चार बायका बसल्या की पाचवीने पायरीवर थांबायचं, एवढंच. दुकान नवरा सांभाळायचा आणि मी पिशव्या घेऊन गावं फिरायची. पोदेराची पाव टाकायची घरं ठरलेली असतात, तशी आमची गावं ठरलेली. सोमवार लाटंबार्सेंचा. माझं माहेर पेडण्याचं. तिथे भाऊ हाच धंदा करायचा. लग्नसराईत तो एकटा पुरा पडत नसे, मग मी जायची आणि कोरगावापासून केरीपर्यंतच्या नवऱ्यामुलींचे चुडे भरून यायची.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, यात काय आहे, बांगडी घ्यायची आणि सरकवायची. एकदा करून बघा. आधी हात हातात घेऊन सैल करावा लागतो. अंगठा तळव्यात दुमडायचा, करंगळीखालचं हाड दाबायचं आणि बाई कसल्यातरी बोलण्यात रमली की झटक्यात बांगडी मनगटावर. म्हणून आम्ही बडबड्या. ती बडबड धंद्याचीच. हाताकडे नुसतं बघून हा सव्वादोनचा, हा अडीचचा, हे मला कळायचं. केरीच्या किनाऱ्यावर एकदा एक दाढीवाला परदेशी माणूस समोर बसला आणि स्वतःचा हात पुढे करून म्हणाला, भर. त्याच्या मापाची बांगडी अख्ख्या हिंदुस्थानात मिळाली नसती. पण गिऱ्हाईक परत पाठवायचं नाही, ही सासूची शिकवण. करंगळीत घालायला दोन बाळबांगड्या दिल्या, खूश होऊन गेला.

सासूच्या आणखी दोन शिकवणी होत्या. एक म्हणजे बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं. सवाष्णीच्या कानावर फुटल्याचा शब्द पडू नये. दुसरी अशी, की एका घरात बघितलेला हात दुसऱ्या घरात सांगायचा नाही. ही दुसरी शिकवण मी फार वर्षं पाळली. आज त्याचाच मला राग येतो.

कारण हातावर सगळं दिसतं. चुलीचा चटका वेगळा, कोयतीचा काप वेगळा आणि कोणी मनगट धरून पिरगळलं तर काचेने उठलेले वळ वेगळे. ते गोल असतात, एकाखाली एक. औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यामागच्या खोल्यांत बेळगावकडची एक कामकरीण होती, यल्लव्वा. तिच्या दोन्ही हातांवर ते वळ मी बघितले. तिने माझ्याकडे बघितलं, मी पिशवीत बघितलं. "हिरव्या देऊ की लाल?" असं विचारलं. पुढच्या खेपेला खोलीला कुलूप होतं. शेजारणीला कुठे गेली ते माहीत नव्हतं. एवढंच मला तिच्याबद्दल माहीत आहे, आणि अजून कधीकधी हात धुताना ती आठवते.

आता प्रेमाची गोष्ट सांगते.

प्रेमा कोरगावची. तिच्या लग्नाचा चुडा मीच भरला, कारण भावाला त्याच दिवशी दुसऱ्या लग्नाचं काम होतं. मऊ हात, सव्वादोनचा. चुडा भरून झाला की नवरी काकणकारणीच्या पाया पडते, तशी ती पडली आणि हळूच म्हणाली, "मावशे, तुमचा हात थंड आसा, बरां वाटलां." दिलं होतं लाटंबार्सेंत. घर काजूच्या बागायतीचं, नवरा खाणीवर ट्रक चालवायचा. माझ्याच सोमवारच्या गावात ती आली म्हणून मला आनंद झाला होता.

वर्ष संपायच्या आत ती माझं सगळ्यात नेमाचं गिऱ्हाईक झाली. सणावाराला बांगड्या भरणाऱ्या बायका असतात. ही महिन्यातून दोनदा भरायची. मी त्यांच्या सोप्यावर बसले की सासू, इंदूबाय, आतून ओरडायची, "ये गे, काकणकारीण इली! परत वाढयलीस मगे?" आणि माझ्याकडे वळून म्हणायची, "हिच्या हाताक काकण रवनाच. आडदांड आसा." प्रेमा आडदांड नव्हती. पाण्याची कळशी ठेवताना आवाज होऊ द्यायची नाही ती.

एकदा भरताना तिने हात मागे ओढला. उजेडात धरून बघितलं तर मनगटाच्या आतल्या बाजूला काचेचा तुकडा रुतून बसला होता, वर कातडी धरलेली. मी चिमट्याने काढला. विचारलं, "कशान गे?"

"पडलंय."

"पडल्यावर काच आतल्या बाजूक कशी जाता?"

आत इंदूबायची पावलं वाजली तशी मी मोठ्याने बेळगावहून आलेल्या नव्या मालाबद्दल बोलायला लागले.

पुढच्या सोमवारी तिने माझ्या कानाशी येऊन विचारलं, "मावशे, काचेसारखी दिसतली पण काच नसतली, अशी मेळतली काय?" मी समजले. प्लास्टिकच्या हिरव्या बांगड्या तेव्हा नुकत्याच यायला लागल्या होत्या. मी त्या आणून, पुढेमागे दोन-दोन काचेच्या घालून, मध्ये बेमालूम भरून दिल्या. मनात म्हटलं, चला, आपण काहीतरी केलं. तीन आठवडे टिकल्या. मग इंदूबायने भांडी घासताना आवाज ऐकला. काचेची किणकिण वेगळी असते. तिने सगळ्या उतरवून माझ्या अंगावर टाकल्या. "माझो झील जितो आसा. माझी सून प्लास्टिक घालची ना." मुलगा जिवंत असताना सुनेच्या हातात काचच हवी, असं तिचं म्हणणं. मी मुकाट काचेच्या भरल्या. म्हणजे ज्या वस्तूने तिला कापत होतं, तीच वस्तू मी दर पंधरवड्याला तिच्या हातात चढवत होते.

ते दिवस भाषेच्या भांडणाचे होते. गोव्याला राज्य मिळायचं होतं, मिळालं, आणि मराठी की कोंकणी यावर डिचोलीच्या बाजारात भावाभावांत बोलणं बंद होतं. आमच्या दुकानाच्या पायरीवरसुद्धा पुरुष तासन्‌तास वाद घालायचे. त्या वादातलं बरंचसं मला पटायचं, कधी इकडचं, कधी तिकडचं. पण हातावरच्या वळांबद्दल एक शब्द कुठल्याच भाषेत कोणी काढत नव्हतं. मीही नाही.

अशी सहा वर्षं गेली.

एका दुपारी सरकारी हॉस्पिटलातली नर्स धावत दुकानात आली. आमची ओळखीची, बांगड्या आमच्याकडेच भरायची. "मावशी, पकड घेऊन चल. एक बाई बांगड्या कापू देत नाही."

प्रेमा होती. उजवं मनगट मोडलेलं, सुजून भोपळ्यासारखं झालेलं. बांगड्या मांसात रुतल्या होत्या, बोटं निळी पडत चालली होती. डॉक्टर तरुण होता, घामाघूम झाला होता. म्हणाला, "बांगड्या निघाल्याशिवाय काही करता येणार नाही. उशीर झाला तर हात जाईल." प्रेमाने डाव्या हाताने त्या बांगड्या झाकून धरल्या होत्या. मला बघितल्यावर रडायला लागली. "मावशे, वाढवू नका. त्येका काय झालां तर पाप माका लागतलां."

बाजूला इंदूबाय उभी. तीही घाबरली होती. पण हातासाठी नव्हे, बांगड्यांसाठी. "झील जितो असताना चुडो फोडतत?" असं पुनःपुन्हा म्हणत होती.

दोघींची श्रद्धा खरी होती, हे आजही मी मान्य करते. डॉक्टर तिथे शास्त्र सांगत होता आणि त्याचा काही उपयोग होत नव्हता. मी त्या निळ्या बोटांकडे बघितलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "फोडायचा नाही. उतरवायचा. काकणकारणीने भरलेला चुडा काकणकारणीने उतरवला, तर तो देवीच्या ओटीत जातो. मग नवऱ्याला दोष नाही, बायकोला पाप नाही."

अशी कुठलीही रीत नाही. मी जन्मात ऐकली नव्हती. पण आवाज माझा असा निघाला की जणू सात पिढ्या आम्ही हेच करत आलोय.

इंदूबायने विचारलं, "खरां?"

"धरा ओटी," मी म्हटलं. तिने खरोखरच पदर पुढे केला. मी ओलं फडकं एकेका बांगडीखाली सरकवलं, पकडीने चिमटलं आणि प्रत्येक तुकडा तिच्या पदरात टाकला. प्रत्येक वेळी मनात देवीची क्षमा मागत होते. शेवटची निघाली तशी प्रेमाच्या बोटांत रंग परतायला लागला. डॉक्टरने नर्सकडे बघितलं आणि नर्सने माझ्याकडे.

प्लॅस्टर झाल्यावर प्रेमाने विचारलं, "हो चुडो देवळात कोण नेतलो?"

एकदा खोटं बोलायला लागल्यावर मला धीर आला होता. "जिचा चुडा तिनेच न्यायचा. जिथे भरला त्या गावच्या देवीकडे." म्हणजे कोरगावला, तिच्या माहेरी. इंदूबायला ते पटलं. आठ दिवसांत परत यायचं या बोलीवर तिने सुनेला माझ्याबरोबर पाठवलं.

म्हापशाला गाडी बदलून आम्ही पेडण्याला गेलो, तिथून कोरगाव. वाटभर प्रेमा तुकड्यांची पुरचुंडी मांडीवर धरून बसली होती. त्यांच्या वाड्यावरची सातेरी देवी वारुळाच्या रूपात आहे. मूर्ती नाही, नाक नाही, डोळे नाहीत. मातीचं उंच वारूळ, त्याला साडी नेसवलेली. प्रेमाने पुरचुंडी तिच्यापुढे ठेवली, डाव्या हातानेच नमस्कार केला आणि खांबाला टेकून बसली. मला वाटलं पाच मिनिटं बसेल. मध्यान्हीची आरती झाली, लोक आले गेले, ही बसलेलीच. मग उठली, घरी गेली आणि आईला म्हणाली, "आये, मी परत जाऊचंय ना."

पुष्कळ वर्षांनी मी तिला विचारलं, तेव्हा तुला देवीने काही सांगितलं का गं? अंगात आलं, दृष्टांत झाला, असं काही? ती हसली. म्हणाली, "काय एक सांगूक ना, मावशे. तिका तोंडच ना. जो तो माका विचारी, कशान झालां, तू काय केलंस. ती काय विचारी ना. मी बसलंय, ती बसली. बसान बसान माझ्याच मनात इलां, की मी काय करूक ना."

रोज सकाळी ती देवळात जाऊन बसू लागली. प्लॅस्टर निघालं तरी मनगट वळत नव्हतं. डॉक्टरने बोटं हलवत राहा म्हणून सांगितलं होतं. देवळात एक म्हातारी देवीसाठी अबोलीच्या फाती, म्हणजे गजरे, गुंफायची, तिने हिला शेजारी बसवलं. पहिल्या फातींत फुलं गळून पडायची. दोनेक महिन्यांनी प्रेमाची फाती देवीला चढू लागली. त्याच सुमारास, तिची आई सांगायची, ती झोपेत दचकायची थांबली.

आणि तेव्हाच नवरा आला. काका आणि गावचे दोन मानकरी घेऊन. बैठक देवळाच्या मंडपात बसली. मला निरोप आला, कारण तक्रार माझ्याविरुद्ध होती.

मी गेले. नवऱ्याचा काका मोठा बोलका माणूस. म्हणाला, "घो जितो असताना बायलेचो चुडो काढपाचो हक्क हिका कोणे दिलो? खंयच्या पोथीत आसा? असली काकणकारीण कोणाच्या लग्नात हातां भरतली?" मंडपात कुजबुज झाली. मला कळलं, आता माझा धंदा गेला. भावाचाही जाईल. गर्दीच्या कडेला तो उभा होता, त्याचा चेहरा पडलेला मला दिसत होता. खोटं रेटून नेता आलं असतं. आमच्या घराण्याची रीत आहे म्हटलं असतं तर कोण तपासायला येणार होतं?

पण समोर ते वारूळ होतं. तिच्या नावावर एकदा खोटं बोलले होते, तिच्यासमोर पुन्हा बोलवेना.

"पोथीत नाही," मी म्हटलं. "कुठेच नाही. मी केलं. तिचा हात जात होता म्हणून केलं." आणि मग माझ्या सासूची शिकवण मोडली. सहा वर्षांत बघितलेलं सगळं सांगितलं. काचेचा तुकडा. वळ, एकाखाली एक. प्लास्टिकच्या बांगड्या तिने का मागितल्या. दर पंधरवड्याला कुठला हात, कुठल्या बाजूने. मला सगळं तोंडपाठ होतं. माझं कामच ते. नवऱ्याकडे बघून मी म्हटलं, "हे तुझ्या घराचं मी गावात कधी बोलले नाही. तीच माझी चूक."

त्याने मान वर केली नाही. मला वाटलं होतं तो राक्षसासारखा दिसत असेल. साधा, किडकिडीत माणूस होता.

काका म्हणाला, मग देवीचा कौल घ्या, तीच सांगू दे. आमच्याकडे देवाला फुलांच्या पाकळ्या चिकटवून प्रश्न विचारतात. उजवी पडली की होकार, डावी पडली की नकार. देवळाचे गुरव म्हातारे होते, सगळे त्यांना आबा म्हणत. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. मी प्रेमाकडे बघितलं. ती खांबाला टेकून बसली होती, हातात अर्धी फाती. घाबरलेली होती, पण हात थांबले नव्हते.

आबा सावकाश म्हणाले, "कौल कसलो मागतास? चुडो हिच्या ओटीत पडलो. काकणकारणीन खोट्यान घातलो काय खऱ्यान, पडलो तो पडलो. देवीच्या ओटीतलां परत मागपाची रीत ना. इतलां माका खबर आसा." आणि उठून आत समईत तेल घालायला गेले. बैठक तिथेच संपली.

सगळं सुरळीत झालं असं समजू नका. लाटंबार्सेंतल्या त्यांच्या भावकीने मला कित्येक वर्षं उंबरा चढू दिला नाही. दोन ठरलेले चुडे गेले. नवऱ्याने प्रेमाला ना सोडचिठ्ठी दिली, ना दुसरं काही. लोक म्हणाले, मूलबाळ नव्हतं म्हणून निघणं सोपं गेलं. सोपं काही नव्हतं. सणाला ती बायकांच्या घोळक्यात कडेला उभी राहायची, हळदीकुंकवाला कोणी बोलवावं की न बोलवावं हे कोणालाच ठरवता यायचं नाही. एका चवथीला मी तिथे होते. तिने कपाळ पुढे केलं आणि कुंकू लावणारी बाई तिला ओलांडून पुढे गेली. तेव्हा ती देवळात जाऊन फार वेळ बसली होती. परत आली तेव्हा डोळे सुजलेले, पण ताठ होती.

एक मात्र झालं. मी मनाने रचलेली ती रीत पसरली. बायका दुकानात यायच्या, मालाकडे न बघता बसून राहायच्या, आणि दुकान रिकामं झालं की म्हणायच्या, "चुडा उतरवतेस म्हणे तू?" काही नुसतं विचारून जायच्या. काहींचा मी उतरवला. उतरवायच्या आधी आता मी विचारू लागले, मोठ्याने, तोंडाकडे बघून. काहीजणी परत नवऱ्याकडे गेल्या. त्यांतल्या दोघींचं बरं चाललं, एकीचं नाही. मी लोकांना फसवत होते का, हा प्रश्न मला पडायचा. एकदा आबांना विचारलं. ते म्हणाले, "सगळ्यो रीती कोणेतरी पयल्यांदा केल्यो न्हय?" माझं पुरतं समाधान झालं नाही. पण दुसरं उत्तरही मिळालेलं नाही.

दुकान आता बंद आहे. नवरा गेला, माझे गुडघे गेले. प्रेमाच्या अबोलीच्या बागेतून आता पेडण्याच्या बाजारात फुलं जातात. आबांच्या मुलाने तिला देवळाच्या ओसरीवर बसायला कायमची जागा करून दिली आहे. गेल्या नवरात्रात मी चार दिवस तिच्याकडे राहायला गेले. सकाळी देवळात पोचलो तर तिच्या जागेशेजारी एक परकी मुलगी बसलेली, पंचविशीची, पदर गालावर ओढलेला. मी लगेच बोलायला लागणार होते. प्रेमाने डोळ्यांनीच थांबवलं. मुलीपुढे फुलांची परडी सरकवली, केळीच्या सोपटाचा दोर काढून एक टोक तिच्या हातात दिलं आणि म्हणाली, "हां धर."

दिवसभर एवढंच. दुसऱ्या दिवशीही मुलगी आली, फाती धरून बसली, वारुळाकडे बघत राहिली. तिसऱ्या दिवशी आरतीनंतर तिने आपणहून पदर बाजूला केला आणि बोलायला लागली. आम्ही दोघी ऐकत होतो. बोलून झाल्यावर प्रेमाने देवीच्या अंगावरची एक फाती उतरवून तिच्या केसांत माळली आणि विचारलं, "आता काय करूया?"

मुलीने सांगितलं.

आम्ही तिघी रस्त्यावर येऊन उभ्या राहिलो. बस आली. कंडक्टरने विचारलं, "खंय?" मी तोंड उघडायच्या आत ती मुलगी, सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात, म्हणाली, "पेडण्याक. पोलीस स्टेशनाकडे. तिगां."